पोकर्नींच्या तळघराचा दरवाजा

मित्रांनो, तुमच्या घरांचे दरवाजे भिंतीत उभे असतात. मी तसा नाही. मी एक जुना, जाडजूड, लोखंडी दरवाजा आहे आणि बसवल्या दिवसापासून जमिनीवर तिरका पडून आहे. माझ्याखाली सिमेंटच्या पायऱ्या आणि पायऱ्यांच्या तळाशी पोकर्नी कुटुंबाचं तळघर. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या या सपाट मुलखात दोन घरांच्या मध्ये नुसता गहू आणि मका असतो. अडायला ना डोंगर, ना झाडी. आकाश बिघडलं की माणसं जमिनीखाली जातात आणि आम्हाला वर ओढून घेतात.

जुन्या मळणीयंत्राच्या बॉयलरचा पत्रा कापून गावातल्या लोहाराने मला घडवलं. मला न्यायला आलेले थोरले पोकर्नी कुरकुरले, "अरे, हा एवढा जड! बायकापोरांनी उचलायचा कसा?"

लोहार म्हणाला, "उचलला नाही तर मला शिव्या घाला. उडून गेला तर शिव्या घालायला तुम्ही असणार नाही."

माझ्या चांगल्या दिवसांत मी रोज उघडायचो. खाली बटाटे असत, आंबवलेल्या कोबीची पिंपं असत, बीट आणि काकड्यांच्या बरण्या असत. थोरल्यांचा मुलगा मायलो माझ्यावरून घसरगुंडी खेळायचा. पुढे त्याची मुलगी आर्लिस खेळली. पोरांच्या चड्ड्यांनी घासून घासून मी आरशासारखा चकाकायचो. एका वर्षी वादळाने गोठ्याचं छप्पर नेलं, पण मी जागचा हललो नाही. तेव्हा येणारा-जाणारा मला थोपटून जायचा. मायलोची बायको लिडा दर वसंतात माझ्या बिजागऱ्यांना वंगण लावायची आणि लावताना माझ्याशी बोलायची, जसं लोक गाईशी बोलतात.

मग स्वयंपाकघरात मोठा फ्रीज आला. बरण्या कमी झाल्या. लिडा गेली. बिजागऱ्यांवर तांबडा गंज चढला. वादळाचा इशारा देणारा गावचा भोंगा तर उन्हाळ्यात इतक्या वेळा वाजायचा, की लोक खाली उतरायचं सोडून कॉफीचा कप घेऊन अंगणात ढग बघत उभे राहायचे.

रस्त्यापलीकडे ओरिन आणि फर्न राहत. चाकांवर आणून विटांवर बसवलेलं पत्र्याचं लांबट घर त्यांचं. त्याला तळघर नव्हतं. त्यामुळे भोंगा वाजला की दोघं आमच्याकडे यायची. फर्न उशी आणि बॅटरी घेऊन, ओरिन पत्त्यांचा जोड घेऊन. वर वारा घोंघावत असे आणि खाली ओरिन मायलोला म्हणत असे, "मर्दा, वादळ गेलं तरी तुझा डाव काही संपत नाही."

त्या वर्षी मात्र वसंतात एक गोष्ट घडली. मायलोने वारा असताना शेतात तणनाशक फवारलं. ते उडून रस्त्यापलीकडे गेलं आणि ओरिनच्या द्राक्षाच्या वेली जळाल्या. त्या वेली त्याने स्वतः कलमं करून वाढवल्या होत्या. तो अंगणात येऊन उभा राहिला.

"वारा कुठला आहे ते बघायला डोळे नव्हते का रे तुला?"

मायलोला चूक कळत होती. पण तो म्हणाला, "वेलीच ना? लाव की पुन्हा."

"सत्तराव्या वर्षी?" ओरिन म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर दोघं रस्त्यावर समोरासमोर आले तरी नमस्काराला टोपीला हातसुद्धा लावत नसत.

मित्रांनो, आता त्या दुपारबद्दल सांगतो. मी लोखंड आहे, मला रडता येत नाही. जसं झालं तसं सांगतो.

जून महिना होता. गहू कापणीला आला होता. सकाळपासून हवा चिकट आणि मुकी. दुपार कलली तसा आभाळाला जुन्या जखमेसारखा हिरवट रंग चढला. गुरं कुंपणाच्या एका कोपऱ्यात गोळा झाली. आर्लिस रेडिओ कानाशी धरून धावत आली.

"बाबा, खाली चला. एक नाही, पुष्कळ वादळं आहेत. दक्षिणेकडची दोन गावं गेली. धान्याची कोठारं आडवी झालीत म्हणे."

"दरवर्षी असंच सांगतात," मायलो म्हणाला. मग त्याने पश्चिमेकडे बघितलं. ढगातून एक सोंड लोंबत होती आणि ती जमिनीला टेकली होती. तिच्या बाजूला दुसरी उतरत होती.

दोघांनी मला उचलायला घेतलं. मी अर्ध्यावर अडकलो. गंजलेल्या बिजागऱ्या करकरल्या, पुढे जाईनात. तेवढ्याच फटीतून दोघं आत शिरली.

आर्लिस पायरीवरूनच म्हणाली, "ओरिनकाका? फर्नकाकू?"

"भोंगा त्यांनाही ऐकू येतोय."

"बाबा, ते यायचे नाहीत. का यायचे नाहीत, ते तुम्हाला माहीत आहे."

मायलोने डोकं बाहेर काढलं आणि घशाच्या शिरा ताणून हाक मारली. "ओरिन! अरे ये ना! ये, बाबा, ये!"

फर्नने नंतर सांगितलं, की ती दोघं स्वयंपाकघरात उभी होती. ती म्हणत होती, "चल ना, जाऊ या." तो म्हणत होता, "तू जा. मी त्याच्या दारात जाणार नाही." हाक पोचली तेव्हा त्याने टोपी घातली आणि तिचा हात धरला.

रस्ता ओलांडून ती दोघं येताना मी पाहिली. वाकून, एकमेकांना ओढत. तोवर आवाज सुरू झाला होता. त्या आवाजाला मी कशाची उपमा देणार नाही. ओरिनने फर्नला फटीतून पायऱ्यांवर ढकललं. त्याच क्षणी वारा माझ्याखाली शिरला. इतका वेळ अडकून बसलेल्या बिजागऱ्या मोकळ्या झाल्या आणि मी वर उचलला जाऊ लागलो. आतून मायलो आणि आर्लिस माझ्या आतल्या बाजूच्या साखळीला लोंबकळत होती, पण मी खाली येत नव्हतो.

मग माझ्या पाठीवर वजन पडलं. ओरिन माझ्यावर पालथा पडला होता, छाती टेकून, दोन्ही हातांनी कडी धरून. मी खाली आलो. आत अडसर पडला.

फर्न किंचाळली, "तो बाहेर आहे! उघडा!" मायलोने अडसराला हात घातला. मला उघडायचं तर मी वर जायला हवं होतं आणि वर ओरिन होता. मायलोचे हात अडसरावरच थांबले. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज कुणालाच ऐकू आला नाही.

थोड्या वेळाने माझ्या पाठीवरचं वजन नाहीसं झालं.

पुढे लोक म्हणाले, ओरिनने जीव दिला आणि तिघांना वाचवलं. मला माहीत नाही. त्याने काय ठरवलं होतं, ते त्याने मला सांगितलं नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की त्याचे हात गरम होते.

सगळं शांत झालं तेव्हा माझ्यावर एका घराची तुळई आणि तारांचा गुंता पडला होता. शेजारचे लोक आले, त्यांनी करवतीने कापून मला मोकळं केलं. फर्न वर आली. रस्त्यापलीकडे विटांच्या रांगा होत्या. घर नव्हतं. आमचं पोकर्नींचं घर अर्धंच उरलं होतं. दूरवर गावातल्या चर्चचा मनोरा दिसायचा, त्या जागी आकाश होतं.

फर्न म्हणाली, "मी बटाटे ठेवून आले. गॅस बंद करायचा राहिला."

"काकू," आर्लिस म्हणाली, "काकू, घर नाहीये."

"हो. पण गॅस?"

ओरिन संध्याकाळी गव्हात सापडला.

पुढचे दिवस मला पुसट आठवतात. माणसं रांग करून शेतांतून चालत होती. गुरांच्या पोटात जाऊ नयेत म्हणून खिळे आणि पत्र्याचे तुकडे वेचत होती. कुठल्या कुठल्या गावांतले लग्नाचे फोटो कुंपणाला अडकले होते. गावोगाव हेच चाललं होतं, त्यामुळे कुणी कुणाचं सांत्वन करत नव्हतं. बायका हॅमचे सँडविच वाटत होत्या. लोक ते हातात धरून उभे राहत आणि खायचं विसरत.

ओरिनच्या दफनानंतर पाद्री फर्नला म्हणाले, "मोठा धैर्याचा माणूस."

"धैर्य कुठलं," फर्न म्हणाली. "दार उघडं राहिलं की त्याला झोप यायची नाही."

एके दिवशी मायलो फर्नसमोर येऊन उभा राहिला. टोपी हातात. "फर्न, बिजागऱ्या गंजल्या होत्या. मी वंगण लावलं नव्हतं. दार धड उघडलं असतं तर तुम्ही दोघं एकदम आत आला असतात. आणि त्या वेली—"

फर्नने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माफीही नव्हती.

"मग आता लाव," ती म्हणाली.

मायलो गुडघ्यांवर बसला आणि त्याने वंगण लावलं. ती तिथेच उभी राहून बघत होती. काम संपल्यावर तिने मला एकदा उघडलं, एकदा मिटलं आणि निघून गेली.

आता मायलो थकला आहे. आर्लिसने घर पुन्हा बांधलं आहे आणि त्यात नवी सिमेंटची सुरक्षित खोली आहे. तरी मला कुणी काढलं नाही. रस्त्याकडेला पत्र्याच्या घरांत नवी कुटुंबं राहायला आली आहेत, तान्ही मुलं असलेली. भोंगा वाजला की ती आमच्याकडे येतात. पण सगळ्यांच्या आधी, त्यांच्याच शेजारी राहणारी फर्न येते. ती मला पूर्ण उघडते आणि माझ्या कडीला हात घालून वर उभी राहते.

"काकू, आधी तुम्ही उतरा," आर्लिस दरवेळी म्हणते.

"तू उतर. ते बाळवाले अजून यायचेत."

वारा तिचे पांढरे केस उडवतो. ती रस्त्याकडे बघत राहते. शेवटचं माणूस आत गेल्याशिवाय तिला खाली नेणं कुणालाही जमलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा राखा, बिजागऱ्यांना वंगण लावा, हे मी सांगेनच. ते काही अवघड नाही. पण संकटाच्या वेळी दार ओढून घेण्याआधी एकदा बाहेर बघा. ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे, तो आत आला आहे का? आला नसेल, तर त्याला आधी हाक तुम्ही मारा, आणि आकाश निरभ्र असतानाच मारा.