सुसाटरत्नाची निवडणूक

आंबीच्या कोंडाजी आबांचा बैल सुसाट हा वर्षातून काही वेळा बैलगाडा शर्यतीच्या घाटात पळतो आणि उरलेला वेळ व्हॉट्सॲपवर असतो. म्हणजे तो स्वतः गोठ्यातच असतो. पण 'सुसाट फॅन्स क्लब, आंबी' या ग्रुपवर त्याचे सकाळचे, दुपारचे, आंघोळीचे आणि विचारात गढलेले फोटो येत असतात, आणि त्याखाली चारेकशे माणसं बदाम टाकत असतात.

ग्रुपचा ॲडमिन कैलास. तळेगावकडच्या एका कंपनीत तो शिफ्टला आहे. ग्रामपंचायतीला तो उभा राहिला, पडला. सोसायटीला उभा राहिला, पडला. शाळेच्या समितीला उभा राहिला, तर समितीच बरखास्त झाली. आयुष्यात त्याला मिळालेलं एकमेव पद म्हणजे हे ॲडमिनपद, आणि तेही ग्रुप त्यानंच काढला म्हणून.

दर वर्षी गावच्या यात्रेत ग्रुपतर्फे उत्तम सदस्याला 'सुसाटरत्न' पुरस्कार दिला जातो. गेल्या वर्षी कैलासनं तो आपल्या मेहुण्याला दिला. मेहुणा या ग्रुपवर आहे, हे त्या दिवसापर्यंत मेहुण्यालाही माहीत नव्हतं. यावर दत्ता नावाचा जुना सदस्य बाहेर पडला आणि त्यानं 'सुसाट फॅन्स क्लब (ओरिजिनल)' काढला. दोन्ही ग्रुपवर फोटो तेच, माणसंही बरीचशी तीच.

शेवटी कोंडाजी आबांनी दोघांना गोठ्यात बोलावलं.

"बैल माजा एक हाय," ते म्हणाले. "यात्रंत त्यो एकाच मांडवात हुबा ऱ्हाईल. ज्याच्या पुरस्काराला जास्ती मानसं भाग घेत्याल त्याचा ग्रुप खरा. दुसऱ्यानं आपला बंद करायचा."

दत्तानं त्याच दिवशी लकी ड्रॉ जाहीर केला. बक्षीस मिक्सर. कैलासनं लोकशाही जाहीर केली. बक्षीस ट्रॉफी.

'समस्त सुसाटप्रेमींनो,' त्यानं लिहिलं, 'यंदाचा सुसाटरत्न तुम्ही निवडायचा आहे. आपल्या आवडत्या सदस्याचं नाव सुचवा. तुमच्या सहभागातच सुसाटचा वेग आहे.' सगळ्यांनी वाचलं. काहींनी हात जोडले, काहींनी अंगठा दाखवला, एकानं चुकून श्रद्धांजली वाहिली. नाव कुणीही सुचवलं नाही.

मग कैलासनंच तीन नावं काढली. एक रेणुका. ती वलवणची, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काउंटरला असते आणि सुसाटचा व्हिडिओ दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला सुट्टे देत नाही. दुसरा नवसू, बेडशाच्या वरच्या वाडीचा. तिथं रेंज नसल्यामुळं तो आठवड्याभराच्या कमेंटी मनात साठवतो आणि बाजाराच्या दिवशी खाली उतरला की एकदम टाकतो. तिसरा गावातलाच पवन. त्याचं ग्रुपवर फारसं काही नसतं, पण भावकी मोठी.

तिघांची नावं घालून कैलासनं ग्रुपवर पोल टाकला. दुसऱ्या दिवशी उघडून बघितला. रेणुका शून्य, नवसू शून्य, पवन शून्य. पवननं स्वतःलासुद्धा दिलं नव्हतं.

कैलास घरोघर फिरला.

"मत दिलं न्हाई का वो, तात्या?"

"तुला सोडून कुनाला देनार?"

"आवो, मी हुबाच न्हाई."

"मंग तर काळजीच मिटली."

हे असं बऱ्याच दारांत झालं. तिकडं दत्ताच्या लकी ड्रॉला माणसं लागोपाठ नावं नोंदवत होती. मिक्सरला विचारधारा लागत नाही. यात्रा आठवड्यावर आली होती, आणि कैलासला आपलं पद गेलेलं दिसू लागलं होतं. तो पडेल तोंडानं आबांच्या गोठ्यात जाऊन बसला. आबांच्या मालकीणबाई, कस्तुराबाई, सुसाटला पेंड कालवत होत्या.

"लोकांना काय आवडच न्हाई, मावशी," तो म्हणाला.

"आवड हाय की. पर तुझ्या त्या पोलात नाव दिसतंय."

"कुनाचं?"

"देनाऱ्याचं. बोट लावलं की कुनी कुनाला दिलं ते सगळ्या जगाला दिसतंय. मी नवसूला दिलं, तर पवनच्या घरचं हळदीकुंकू मला तू लावनार हाईस का?"

कैलासनं फोन काढून बघितलं. खरंच तशी सोय होती. तीनदा उभ्या राहिलेल्या माणसाच्या हे ध्यानात यायला हवं होतं. या गावात प्रत्येक उमेदवाराला प्रत्येकानं शब्द दिलेला असतो, आणि तो पाळता यावा म्हणून तर मत गुप्त ठेवलेलं असतं.

रात्रीतून नवीन मेसेज गेला. 'मतदान चिठ्ठीवर. गुप्त. रविवारी, आबांच्या गोठ्याजवळ. सुसाट स्वतः हजर राहील.'

रविवारी गोठ्यापुढं रांग लागली. रेणुकानं दुकानातून चिक्कीचा मोठा पत्र्याचा डबा आणला होता. त्याला झाकणात चीर पाडून मतपेटी केली. गुप्ततेसाठी कडब्याच्या गंजीचा आडोसा. माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली. पवनच्या भावकीनं म्हाताऱ्यांना आणायला टेम्पो लावला. नवसूची अख्खी वाडी डोंगर उतरून आली. रेणुकाच्या वलवणच्या बायका जीपमधून आल्या आणि रांगेत चिक्की वाटू लागल्या. ती आचारसंहितेत बसते का, हे ठरवायला कैलासनं दोन तुकडे खाल्ले. एक आजोबा बोटाला शाई लावून घेतल्याशिवाय जायला तयार होईनात. शेवटी त्यांना बैलाच्या शिंगांना लावायचा लाल हिंगूळ लावला.

"तुम्ही ग्रुपवर हाय का, बाबा?" कैलासनं त्यांना विचारलं.

"फोन न्हाई माज्याकडं."

"मंग कसं?"

"लेका, मानूस मोजायचंय का फोन?"

कैलासनं त्यांना घेतलं. दुपारी दत्ताही आला. "बघायला आलोय," म्हणाला, आणि बघता बघता आडोशामागं जाऊन आला. त्याच्या ग्रुपची माणसं सकाळीच देऊन गेली होती. त्याच्या ड्रॉमधला मिक्सर आदल्या दिवशी निघाला होता. तो दत्ताच्या मेहुण्याला लागला.

संध्याकाळी आबांनी गोठ्यापुढची गर्दी बघितली आणि निकाल दिला. "कैलासचा ग्रुप खरा. बैल त्याच्या मांडवात."

कैलासनं डोळे मिटून घेतले. पद वाचलं होतं. उरली होती फक्त मतमोजणी.

इथं अडचण आली. पवननं गुलाल आणून ठेवला होता. नवसूच्या वाडीनं ढोल काढले होते. रेणुकाच्या बायका एकमेकींना पेढे भरवत होत्या. गर्दीतल्या प्रत्येकानं तिघांनाही स्वतंत्रपणे गाठून "तुलाच दिलं" असं सांगितलं होतं. थोडक्यात, तिघंही निवडून आलेले होते.

"मोजा की," पवन म्हणाला.

"मोजा, कैलासभाऊ," नवसू म्हणाला.

"मोजाच," रेणुका म्हणाली.

बाकी सगळे मागं सरकले. काही जण चपला शोधू लागले. कैलासनं डब्याला हात घातला, तर त्याच्या हातावर दोन-तीन हात पडले.

"मतदान झालं ना झ्याक?" तात्या म्हणाले. "मंग मोजायचं कशाला?"

"निकाल लागनार कसा?"

"डबा उघडला," कस्तुराबाई म्हणाल्या, "तर तिघांतल्या दोघांना कळंल की गाव खोटं बोलतंय. मंग यात्रंला जेवायला कोन येईल?"

आबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि सरपंचपदाला गाव जे करतं तेच केलं. ट्रॉफी चार-चार महिने तिघांच्या घरी फिरेल. सगळे बिनविरोध. डबा न उघडता गोठ्याच्या माळ्यावर ठेवायचा. गर्दीनं मोठा निःश्वास सोडला आणि गुलाल तिघांवर सारखा उधळला. सुसाटच्या नाकात गेला, तो शिंकला, त्याचा व्हिडिओ झाला.

"आबा," दत्ता मागून म्हणाला, "रत्न फिरतंय, तर ॲडमिनपद का फिरू नये? माजा ग्रुप बंद करतो. पर माजी मानसं माज्याबिगर हिकडं कशी येतील?"

कैलासनं गर्दीकडं बघितलं. सकाळपासून त्याच्या शब्दावर रांगेत उभी राहिलेली माणसं आता सुसाटकडं बघत होती.

"सा-सा महिनं," आबा म्हणाले. "पयला दत्ता. कैलासनं लय केलंय."

यात्रेत सुसाट कैलासच्या मांडवात उभा राहिला. फोटोत बैलाच्या एका बाजूला दत्ता आहे, दुसऱ्या बाजूला रेणुका, नवसू, पवन. कैलासनं फोटो काढला.

त्या आठवड्यात नव्या ॲडमिननं ग्रुपवर लिहिलं, 'सदस्यांनो, सहभाग वाढवा,' आणि खाली पोल टाकला: 'ॲडमिनपद परत कैलासला लवकर द्यावे का? होय / नाही.'

कैलासनं कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तो उघडला. खाली अंगठे आणि बदाम भरपूर पडले होते. होय शून्य, नाही शून्य. त्याचा अंगठा 'होय'वर गेला आणि तिथंच थांबला. नाव दिसलं असतं.

त्यानं दत्ताला एक बदाम टाकला आणि फोन खिशात ठेवला.