रबराला पन्नास टक्के

गाडी न घेण्यात बेचाळीस लाखांचा फायदा होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी किंमत, तेल, टायर, विमा, सगळं धरून हा आकडा काढला होता. गेल्या सोमवारी त्या वाचवलेल्या पैशांच्या शेवटच्या ठेवीची मुदत संपली, तेव्हा तो आकडा जेमतेम तीस हजारांनी चुकला होता. असा माणूस आज बायकोला घेऊन शोरूममध्ये आला होता आणि कोऱ्या करकरीत गाडीच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक करत होता.

"सर, नवी आहे," सेल्समन म्हणाला. "कुठे ठोकलेली नाही."

"सवय," ते ओशाळून म्हणाले.

"यांनी मलाही अशीच वाजवून बघितली होती," खुर्चीत बसलेली बायको म्हणाली. सेल्समनला हसावं की नाही ते कळेना.

सवय बत्तीस वर्षांची होती. अपघातात सापडलेली गाडी तपासायची आणि विमा कंपनीने मालकाला किती द्यायचे ते ठरवायचं, हा त्यांचा पेशा. पत्र्यावर टिचकी मारली की आत पुट्टी कुठे भरली आहे ते आवाजावरून सांगायचे. जुन्या भागाला नव्याची किंमत देत नाहीत, घसारा कापतात. काचेला काही नाही, पत्र्याला वयाप्रमाणे, रबराला सरसकट पन्नास टक्के. गॅरेजवाले पाठीमागे त्यांना 'घसारेसाहेब' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुणी कितीही गयावया करो, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी एका कागदावर सही केली नव्हती.

धाकट्या मेहुण्याचा हिशेब वेगळा होता. दर चार वर्षांनी नवी गाडी, आधीचं कर्ज फिटायच्या आत. गाडी दाखवायला आला की ते म्हणायचे, "शोरूमच्या फाटकातून बाहेर काढलीस की वीस टक्के गेले बघ."

"गेले तर गेले, भावोजी. बसून तर गेले! चल गं ताई, एक चक्कर मारू."

ताई जायची, अर्ध्या तासाने केस विस्कटून परत यायची आणि स्वयंपाकाला लागायची. त्या दिवशी भाजीत हमखास मीठ जास्त व्हायचं. पुढे मेहुण्याची तिसरी गाडी बँकेने भर रस्त्यातून ओढून नेली, तेव्हा घसारेसाहेब तोंडाने "वाईट झालं" म्हणाले खरे, पण रात्री गाढ झोपले. आपलं बरोबर ठरलं की माणूस पुन्हा बेरीज करून बघत नाही. खरी गोम तिथेच होती.

बायको शिवणाचे वर्ग घ्यायला दोन बस बदलून जायची. जाताना उभी, दिवसभर मशीनवर पाय, येताना पुन्हा उभी. पन्नाशीत गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि दोन हाडांमधली गादी झिजली आहे, दोन्ही गुडघे बदलावे लागतील, असं सांगितलं.

घरी येताना जिन्यात तिसऱ्या पायरीवर ती थांबली. "अहो, तुमच्या घसाऱ्याच्या तक्त्यात रबराला किती?"

"पन्नास टक्के," सवयीने तोंडून गेलं.

"म्हणजे डॉक्टरला अर्धेच द्यायचे ना?"

दोघं हसले. मग ते म्हणाले, "ठेवीला अजून दीड वर्ष आहे. आत्ता मोडली तर व्याज बुडतं. पण तू म्हणत असशील तर..."

ती कठडा धरून वर बघत होती. अजून दोन मजले होते.

"राहू दे," ती म्हणाली. "दीड वर्षाचा तर प्रश्न. काढेन मी."

"नक्की?"

"नक्की."

बत्तीस वर्षांत तपासल्याशिवाय मंजूर केलेली ही त्यांची एकच गोष्ट.

दीड वर्षात हृदय अशक्त झालं. महिनाभरापूर्वी तेच डॉक्टर म्हणाले, "आता भूल द्यायचा धोका मी घेणार नाही. तेव्हा आला असतात तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तेवढं सौजन्य त्यांच्याकडे होतं. त्या रात्री घसारेसाहेबांनी गाडी घ्यायचं ठरवलं. साधीसुधी नाही, चांगली उंची, गुबगुबीत सीटची.

"या मॅडम, बसून बघा," सेल्समनने पुढचं दार उघडलं.

ती उठली. एक हात दारावर, एक नवऱ्याच्या खांद्यावर. पाय उचलला, तो पायरीला लागला आणि तिथेच राहिला. गुडघा दुमडेना. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. सेल्समन उगाच आरसा पुसायला लागला.

"राहू दे," ते म्हणाले. "नको गाडी."

"का नको? घ्या."

"अगं, तू बसणार कशी?"

"मागे. तिकडून तुम्ही ओढा, इकडून हा मुलगा उचलेल. आडवी बसेन, पाय लांब करून. सामान बसतं तशी." मग त्यांचा चेहरा बघून आवाज खाली आणत म्हणाली, "मी मालकीण, तुम्ही ड्रायव्हर. एवढं तरी होऊ दे की."

"त्या दिवशी जिन्यात," ते म्हणाले, "तू नक्की म्हणालीस."

"म्हणाले."

"खोटं होतं?"

"तुम्ही कधी कुणाचं ऐकून सही करता होय?" ती म्हणाली. "जा. कागद करा. मी बाहेर उभी राहते, इथे पॉलिशचा वास डोक्यात जातोय."

सेल्समनने फॉर्म पुढे सरकवला. गाडी कुणाच्या नावावर? त्यांनी बायकोचं नाव लिहिलं. खालच्या ओळीत रक्कम भरणाऱ्याचं नाव हवं होतं. पेन जरा थांबलं, मग तिथेही त्यांनी तिचंच लिहिलं.

"सर, चेक तुमचा आहे. इथे तुमचं नाव लागेल."

"चेक माझा आहे," ते म्हणाले. "भरलेत तिने."

"बरोबर आहे सर, पण सिस्टीम घेणार नाही." सेल्समनने अदबीने दुसरा कोरा फॉर्म दिला.

त्यावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली. कागदोपत्री सगळे पैसे त्यांनीच भरले होते. काचेपलीकडे ती दोन्ही हातांनी कठडा धरून, अंग आडवं करून, पायऱ्या उतरत होती. पायऱ्या तीनच होत्या. दुसरीवर ती थांबली.