वीज गेली त्या दुपारचा डाव

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोरचा हसला की तो चेहऱ्याकडे बघत नाही, दातांकडे बघतो. आपल्या या कवळीवाल्याची ती खोड तीस वर्षांची. पण गेले तीन महिने त्याचं दातांकडेही लक्ष नव्हतं. दवाखान्यांतून आलेले जबड्यांचे साचे टेबलावर आ वासून पडलेले असायचे आणि हा भिंग डोळ्याला लावून एका जुनाट कॉम्प्युटरच्या पोटात डोकं खुपसून बसायचा.

कॉम्प्युटर म्हणजे तरी काय, वहीएवढा काळा डबा आणि त्यावर राखाडी रबरी बटणं. त्याला स्वतःचा पडदा नाही, घरचा टीव्ही जोडायचा. खेळ कॅसेटवर असायचा आणि टेपरेकॉर्डरमधून आत सोडायचा. बंद केला की सगळं विसरून मोकळा. बहीणभावांनी लहानपणी त्याच्यासाठी जीव टाकला होता, आणि घर बदलताना माळ्यावरच्या पेटीत तो पुन्हा सापडला तेव्हा कवळीवाल्याला भर दुपारी घाम फुटला.

घाम का फुटला ते पुढे येईलच. आधी त्याने काम काय केलं ते सांगू, कारण काम चोख होतं. कवळीला चकाकी आणायच्या बारीक ब्रशाने त्याने एकेक टोक घासलं. टेपरेकॉर्डरचा सैल पट्टा बदलला. कुठूनसा जुना छोटा टीव्हीही पैदा केला. एक बटण मात्र कायमचं हरवलं होतं, डावीकडे जायचं. ते त्याने स्वतः ओतलं, कवळीच्या हिरड्या ज्यातून बनवतात त्याच गुलाबी प्लास्टिकमधून. एकोणचाळीस राखाडी बटणांत एक गुलाबी.

"एवढी सेवा माझी केली असती," बायको म्हणाली, "तर मी आणखी पन्नास वर्षं चालले असते."

"तुझ्यात बिघाड आहे कुठे?"

"बोलायला बरं सुचतं. आणि वन्संना सांगायचं ते सुचलं का?"

त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. सगळी मेख तिथेच होती. रविवारी ताई येणार होती, त्याची मोठी बहीण, आणि तिला एक गोष्ट सांगायची होती. अडतीस वर्षं सांगायची राहिली होती.

खेळाचं नाव टपाल. चंद्रावरचा टपालवाला पाठीवर थैली घेऊन खड्ड्यांवरून उड्या मारत पत्रं वाटतो. तीन टपालवाले मिळायचे, तिन्ही खड्ड्यात गेले की डाव संपला. ताई तेव्हा सोळा वर्षांची आणि हा बारा. घरात भांडणं नकोत म्हणून वडिलांनी नियम घालून दिले होते. अर्ध्या अर्ध्या तासाचा डाव, स्वयंपाकघरातल्या घड्याळावर. आकडा वहीत लिहायचा, दोघांनी बघून. वीज गेली तर तो डाव धरायचा नाही.

चौथा नियम कोणी घातला नव्हता, पण तो सर्वांत कडक होता. कॅसेट सुरू झाली की पाच मिनिटं टीव्हीवर पट्टे नाचायचे आणि कान किटवणारी किरकिर चालायची. वडील म्हणायचे, "झालं का तुमचं दळण सुरू?" तेव्हापासून त्या घरात त्याला दळणच म्हणत. दळण चालू असताना कोणी चालायचं नाही. जमीन हादरली तर खेळ बिघडतो, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. खरं खोटं देव जाणे, पण वडीलसुद्धा चवड्यांवर चालायचे आणि आईची फोडणी पाच मिनिटं थांबायची.

वहीत सर्वांत वरचा आकडा याचा होता, एकतीस हजार चारशे साठ. त्याखाली ताई. एका रविवारी दुपारी ताई एकतीस हजार दोनशेवर पोचली आणि तिचे दोन टपालवाले अजून शाबूत होते. हा वही घेऊन शेजारी बसला होता. त्याची पेन्सिल पडली. खरंच पडली, एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. ती घ्यायला तो टेबलाखाली वाकला. नाकासमोर ती पिन होती, टीव्ही आणि कॉम्प्युटर दोघांना वीज पुरवणारी. हाताने काय केलं ते डोक्याला नंतर कळलं. वर पडदा काळा झाला.

"वीज गेली!" तो टेबलाखालूनच ओरडला.

मग त्याने पिन पुन्हा खोचली, "आली, आली" म्हणाला, वर आला आणि वहीत लिहिलं, ताई, वीज गेली. ताई उठून पाणी प्यायला गेली.

पुढे ताई बंदरात क्रेन चालवायला लागली. आठ मजले उंच केबिनमध्ये बसून दोन दांड्यांवर कंटेनर उचलायचे आणि जहाजावर अलगद ठेवायचे. नोकरीला घेताना साहेबांनी विचारलं, हात इतका स्थिर कसा? ही म्हणाली, "चंद्रावर टपाल वाटलंय." तेहतीस वर्षं तिने एकही कंटेनर आपटला नाही. पण घरात चार माणसं जमली, कोणाचं लग्न असो की बारसं, की तिची एक गोष्ट ठरलेली. "त्या दिवशी वीज गेली नसती ना, तर आज ही बाई जगज्जेती असती." सगळे हसायचे. हा कान लाल करून पाण्याचे ग्लास गोळा करायला लागायचा.

बायकोला त्याने लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. तिचं म्हणणं तेव्हापासून एकच. "मला काय सांगता? त्यांना सांगा." पण आता पन्नाशीला आलेल्या माणसाने चोपन्न वर्षांच्या बहिणीला कसं सांगायचं, की तुझ्या आवडत्या गोष्टीतला चोर मीच? ती रागावली असती तरी चाललं असतं. ती गोष्ट पुन्हा कधीच सांगणार नाही आणि आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघेल, ही त्याला भीती होती. म्हणून त्याने ठरवलं होतं की आधी तिला तिचा अर्धवट डाव परत द्यायचा, मग बोलायचं.

रविवारी दहाला ताई आली. गेल्या महिन्यात मुदतीआधीच निवृत्त झाली होती आणि अजून जिन्याचा कठडा दांडी धरल्यासारखा धरत होती. आल्या आल्या म्हणाली, "टिल्लू, पोट किती सुटलंय रे तुझं." पन्नास वर्षांच्या माणसाला टिल्लू म्हणणारी जगात एवढीच एक उरली होती. मग तिचं लक्ष बैठकीतल्या टेबलाकडे गेलं आणि ती हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली.

"हा आपला?"

"आपलाच."

ती वाकली. गुलाबी बटणावर बोट ठेवलं, दाबून बघितलं, आणि इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. "अरे मेल्या, कॉम्प्युटरला कवळी बसवलीस!"

कॅसेट बघून मात्र ती गंभीर झाली. तिच्याच सोळाव्या वर्षीच्या अक्षरात टपाल लिहिलेलं होतं. त्याच पेटीत निघालेली आकड्यांची वहीही त्याने कपाटावर काढून ठेवली होती. टेपरेकॉर्डरच्या आवाजाच्या चकतीवर तिच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका अजून होता. तिने ठिपक्यावर चकती आणली. दळण सुरू झालं. तीच किरकिर, तेच पट्टे. दोघंही श्वास रोखून बसले आणि तिसऱ्या मिनिटाला सगळं थांबलं.

"फीत जुनी झाली आहे," तो म्हणाला. "फार वेळा नाही चालणार."

"आवाज दबका येतोय. पेचकस दे."

त्याने कवळीकामातला सर्वांत बारीक पेचकस दिला. तिने टेपरेकॉर्डरमधला एक स्क्रू कान लावून केसभर फिरवला. किरकिर एकदम धारदार झाली. त्याने तीन महिने भिंग लावून जे साधलं नव्हतं ते हिने कानाने केलं. तो मनापासून खूष झाला.

दुसऱ्यांदा दळण लागलं आणि चौथ्या मिनिटाला पडदा थरथरला, विझला, मुंग्या आल्या. या वेळी दोष फितीचा नव्हता. त्याच्या कामाच्या खोलीतला सॉकेट घट्ट होता, इथला बैठकीतला सैल. कॉम्प्युटरची पिन त्यात डुगडुगत होती. कागदाची घडी घालून बघितली, ती सरकली. खेळ तिकडे कामाच्या खोलीत न्यावा, तर तिथे जबड्यांचे साचे मांडलेले, बसायला जागा नाही.

"मी धरतो," तो म्हणाला.

"काय धरतोस?"

"पिन. तू खेळ."

आणि तो टेबलाखाली शिरला. पोटामुळे दोन प्रयत्न लागले.

तिसऱ्यांदा दळण लागलं. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली तशी ताईने तिला हाताने थांबवलं. बिचारी पाच मिनिटं एका जागी उभी. इकडे पिन हातात घट्ट धरून, मान वाकडी करून हा ऐकत होता. किरकिर थांबली. शांतता. मग वरून टपालवाल्याच्या सायकलच्या घंटीसारखी ती चार सुरांची धून आली, आणि टेबलाखाली त्याचे डोळे भरून आले.

ताई खेळायला लागली. उडीचा टुणकन आवाज, पत्र पडल्याचा टप्प. मध्येच एक लांब घसरगुंडीचा सूर, म्हणजे एक टपालवाला गेला. "हात बसेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि खरंच बसला. दहा हजार झाले तेव्हा घंटी वाजली. वीस हजारांना वाजली, मग दुसरा टपालवालाही गेला. त्याला पडदा दिसत नव्हता. दिसत होते ते ताईचे पाय, उडीबरोबर अंगठे आवळणारे. अडतीस वर्षांपूर्वीही हेच दिसले होते, इथूनच. आता बोललो नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं.

"ताई."

"हं."

"त्या दिवशी वीज गेली नव्हती."

टुण. टप्प. टुण.

"माहीत आहे," ताई म्हणाली. "पंखा चालू होता."

त्याला क्षणभर कळेना. मग कळलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता आणि आपण टेबलाखालून वीज गेली म्हणून ओरडत होतो. अडतीस वर्षं त्याने त्या दुपारचा कण न् कण आठवला होता, पण मान वर करून एकदाही बघितलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पाणी पिऊन आले की कान पिळणार होते. पण दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, माझा डाव तूच खेळ. तिसऱ्या दिवशी तेच. महिनाभर. वीज गेल्याबद्दल कोणी महिनाभर डाव देतं का रे? मला रोज तासभर मिळत होता, मी कशाला बोलू?"

दारातून बायको फिसकन हसली.

"आणि त्या वर्षी तू नापास झाला होतास," ताईचा आवाज जरा खाली आला, पण बोटं थांबली नाहीत. "त्याच वर्गात पुन्हा बसलास. कोणाशी बोलायचा नाहीस. कुठेतरी तुझा पहिला नंबर होता तो त्या एका वहीत. तो मी का काढून घेऊ?"

टेबलाखाली त्याने मोकळ्या हाताने डोळे पुसले. 

"मग दर लग्नात ती गोष्ट का सांगतेस?" त्याने विचारलं.

"तुझे कान बघायला. दर वेळी लाल होतात. तुझ्या लग्नात तर फेट्याच्या रंगाला मिळाले होते."

त्याला हसू आलं, रडू आलं आणि हातात मुंग्याही आल्या. पण त्याने पिन सोडली नाही. दुसऱ्या हाताचा आधार दिला. वर तिसरी घंटी वाजली, तीस हजार. ताईचं बोलणं बंद झालं. बायको ट्रे खाली ठेवून चवड्यांवर चालत टेबलाजवळ आली. दळण संपलं होतं, चालायला हरकत नव्हती, पण तीही आता त्या घरचीच झाली होती.

"किती?" त्याने विचारलं.

"एकतीस दोनशे," बायको पुटपुटली. त्याने पिन आणखी आत दाबली. "एकतीस चारशे. अहो, साठ झाले. सत्तर! वन्संनी काढला!"

"किती शिल्लक?"

"अजून एक टपालवाला आहे."

"टिल्लू," ताई म्हणाली. तिचा आवाज सोळा वर्षांचा झाला होता. "वही आण. लिही आकडा."

"मी नाही येत," तो टेबलाखालून म्हणाला. "मी हात काढला तर वीज जाईल."

ताई इतकी हसली की शेवटचा टपालवाला सरळ खड्ड्यात गेला. आकडा बायकोनेच वहीत लिहिला, एकतीस हजार नऊशे दहा, 'ताई, वीज गेली' या जुन्या ओळीच्या खाली. दोघांनी बघायचं असा नियम होता, म्हणून कवळीवाल्याला वही टेबलाखालीच दाखवावी लागली. त्याने एका हाताने पिन धरून दुसऱ्या हाताने सही केली आणि म्हणाला, "आता पुढचा डावही तूच खेळ, ताई. मी धरलंय."