पूर्णविरामबाईंचा लॅपटॉप

कोर्टाच्या व्हरांड्यात सूचना लागली त्या मंगळवारी बाईंनी ती तीनदा वाचली. पुढल्या सोमवारपासून व्हरांड्यात टाइपरायटर चालणार नाही. ज्याच्याकडे स्वतःचा संगणक असेल त्याने सोमवारी अकरा वाजता तो घेऊन कचेरीत यावं, एक पान टाइप करून दाखवावं आणि जागेचा परवाना घ्यावा. न येणाऱ्याची जागा दुसऱ्याला दिली जाईल. खाली गोल शिक्का आणि कोणाला वाचता येणार नाही अशी सही.

शेजारच्या खुर्चीवरच्या टंकलेखक काकांनी सूचना एकदाच वाचली आणि त्याच दुपारी गाशा गुंडाळला. "बत्तीस वर्षं झाली, आता बोटांनाही रिटायर होऊ दे," ते म्हणाले. बाईंनाही एकतीस झाली होती. पण त्यांची बोटं असलं काही म्हणत नव्हती.

बाईंना सगळं कोर्ट पूर्णविरामबाई म्हणायचं, आणि ते उगाच नव्हतं. प्रतिज्ञापत्र करायला आलेला माणूस भावाने भिंत कशी सरकवली इथून सुरुवात करून आजोबांच्या लग्नातल्या मानापमानापर्यंत पोचला, की बाई हात वर करून म्हणायच्या, "पूर्णविराम. भिंत कधी सरकली? कोणी पाहिलं? कागद काय आहे?" या तीन प्रश्नांपुढे भल्याभल्यांचं पाल्हाळ आटोपायचं. शिवाय त्यांचा एक नियम होता. माणूस बोलला तेवढंच टाइप करायचं, मग त्याला ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्यानंतरच सही घ्यायची. वकील घाई करायचे, कपाळाला हात लावायचे, पण काम बाईंकडेच द्यायचे.

संध्याकाळी लेकीला फोनवर सांगितलं तर ती आनंदलीच. "आई, हे बरंच झालं. किती वर्षं सांगतेय, पुरे कर. त्या धुळीत, उन्हात बसतेस आणि इकडे माझा जीव टांगणीला. आमच्याकडे राहायला ये."

"येऊन काय करू?"

"काय करू म्हणजे? आराम कर!"

लेकीचं प्रेम खरं होतं, त्यात बाईंना तिळभर शंका नव्हती. म्हणूनच त्या घाबरल्या. ती जागा गेली की आपण दिवसभर दुसऱ्याच्या घरात, लेक-जावई कामावरून परतायची वाट बघत बसणार, हे त्यांना लख्ख दिसलं. "बघते," म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि नव्या लॅपटॉपच्या किमती विचारायला निघाल्या. पहिल्या दोन किमती ऐकूनच त्यांचे डोळे पांढरे झाले.

ओळखीच्या एका तरुण वकिलाने मार्ग दाखवला. "बाई, तुम्हाला टाइपच करायचंय ना? मग नवा कशाला हवा? जुने दुरुस्त करून विकतात ते घ्या. रॅम आठ जीबी, आत एसएसडी, एवढं बघा. बाकी तुम्हाला कोण फसवणार!"

गुरुवारी काम बंद ठेवून बाई बाजारात गेल्या. पिशवीत वही आणि पेन होतं. खरेदीला जाताना माणूस पैसे नेतो, बाईंनी जबाब घ्यायची वही नेली.

पहिलं दुकान थंडगार आणि चकचकीत. विक्रेत्याने एक चंदेरी लॅपटॉप पुढे केला. "एकदम नव्यासारखा, मॅडम!"

"नव्यासारखा म्हणजे? आधी कोणाकडे होता?"

"मोठ्या कंपनीतला माल आहे."

"कोणत्या?"

"मोठ्याच."

बाईंनी वहीत लिहिलं, माल मोठ्या कंपनीतला, कंपनीचं नाव सांगता येत नाही. विक्रेता हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. बाईंनी डोळे मिटून टाइप करायला घेतलं. चार ओळी झरझर गेल्या, आणि पाचवीच्या तोंडाशी त्यांचा डावा हात एकतीस वर्षांच्या सवयीने उठला, ओळ बदलायला टाइपरायटरचा दांडा सरकवावा तसा आडवा फिरला आणि पडद्याच्या कडेवर फाडकन बसला. लॅपटॉप काउंटरवरून घसरला. विक्रेत्याने तो हवेतच झेलला आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"माफ करा," बाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. पण वही त्यांनी मिटली नाही. "बॅटरी किती चालते?"

"पाच तास आरामात."

बाईंनी तेही लिहिलं, वाचून दाखवलं आणि पेन पुढे केलं. "यावर सही करा."

"सही कशाला, मॅडम? बिल देतो ना."

"बिलात पाच तास लिहाल?"

ते लिहायला तो तयार नव्हता. बाईंनी नमस्कार केला आणि निघाल्या.

दुसऱ्या दुकानातला विक्रेता तोंडाचा गोड. बॅग फुकट, माउस फुकट, खुर्ची पुढे, पाणी पुढे. बाईंनी कोरं पांढरं पान उघडायला सांगितलं, कारण त्यांना दिवसभर तेच बघायचं होतं. पानाच्या उजव्या कोपऱ्यात पिवळसर डाग उमटला.

"हा काय?"

"तो? चार दिवसांनी दिसणार पण नाही, काकू. सवय होते."

बाईंनी जबाब लिहून काढला. डाग आहे, सवय होते असं विक्रेता सांगतो. त्या वाचून दाखवायला लागल्या, पण पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने वही ओढून घेतली आणि झोकात सही ठोकली. "घ्या! अजून दोन करू?"

बाईंनी त्या सहीकडे पाहिलं. न वाचता सही करणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, आणि पुढे ती कोणत्या तारखांना, कोणत्या तोंडाने कोर्टात उभी राहतात तेही पाहिलं होतं. त्यांनी पान फाडून त्याच्याच हातात दिलं. पहिल्याने सही नाकारली तेव्हा चिडल्या नव्हत्या इतक्या त्या या सहीने चिडल्या होत्या.

तीन वाजून गेले. पाय भरून आले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. आणखी एका ठिकाणी दार उघडून आत बघितलं आणि तशाच मागे फिरल्या, कारण आत नुसतीच गाणी जोरात लावलेली होती. घरी जावं असं एकदा मनात आलं. मग टंकलेखक काकांची रिकामी खुर्ची डोळ्यांपुढे आली आणि बाई पुढच्या गल्लीत वळल्या.

जिन्याखालच्या खोपटात एक बाई मेजावर वाकून काम करत होती. कपाळाला भिंग बांधलेलं, समोर पोट उघडून ठेवलेला लॅपटॉप, आणि स्क्रू ठेवायला औषधाच्या गोळ्यांचा रिकामा डबा. पस्तिशीची असेल. तिने मान वर न करता विचारलं, "दुरुस्तीला की घ्यायला?"

"घ्यायला. टायपिंगसाठी. पण मी बटणं जोरात मारते, आणि ओळ संपली की माझा हात सुटतो. पडदा टिकला पाहिजे."

आता मात्र तिने भिंग वर केलं. बाईंना नीट न्याहाळलं आणि मागच्या फळीवरून एक जाडजूड करडा लॅपटॉप काढला. झाकणावर कुठल्याशा कचेरीचं स्टिकर खरवडल्याच्या खुणा होत्या, एक कोपरा चेपलेला होता आणि अर्ध्याअधिक बटणांवरची अक्षरं पुसून गेली होती.

"दिसायला भिकार आहे, मावशी. सात महिने पडून आहे. अक्षरं गेलीत म्हणून कोणी हात लावत नाही."

"अक्षरं बघून टाइप करतं कोण?" बाई म्हणाल्या.

दुरुस्तीवाली पहिल्यांदा हसली. तिने टाइपरायटरची जुनी कळरचना त्यात घालून दिली आणि बाईंची बोटं बसली ती घरच्यासारखी बसली. पाचव्या ओळीला हात उठलाच, पडद्याला लागलाही. लॅपटॉप जागचा हलला नाही.

मग वही निघाली. दुरुस्तीवालीने सांगितलं ते बाईंनी लिहिलं. आधी एका विमा कचेरीत पाच वर्षं वापरला, रॅम आठ जीबी, एसएसडी नवी घातली, बॅटरी जुनीच. बाईंनी वाचून दाखवलं आणि पेन पुढे केलं. तिने सही केली नाही.

बाईंनी पेन मागे घेतलं. "तुम्हीपण?"

"अपुरं आहे, मावशी. लिहा, बॅटरी दोन तास, त्यावर एक मिनिट नाही. लिहा, डाव्या बाजूचं यूएसबी चालत नाही, उजवी दोन चालतात. पंखा उन्हात आवाज करतो. बिजागरी मी बदललीय, दुसऱ्या मॉडेलची आहे, पण धडधाकट आहे. आणि सहा महिन्यांत काही झालं तर मी बघेन, पाणी सांडलं तर नाही. हे लिहा, मग करते सही."

बाईंनी ओळ न ओळ लिहून घेतली. एकतीस वर्षांत आपल्याच विरुद्धचा मजकूर सांगून वाढवून घेणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. पहिल्या दुकानातल्या किमतीच्या निम्म्याहून कमीत सौदा झाला, आणि घासाघीस करायचं बाईंच्या मनातसुद्धा आलं नाही.

शनिवारभर त्या घरी सराव करत बसल्या. रविवारी लेक आणि जावई आले, ते एक नवाकोरा खोका घेऊनच. जावयाने तो बाईंच्या मांडीवर ठेवला. आत पिसासारखा हलका लॅपटॉप होता, अंधारात उजळणाऱ्या बटणांचा.

"तुमच्यासाठी, आई. फोटो बघा, आमच्याशी व्हिडिओवर बोला. फक्त त्या व्हरांड्याचा नाद सोडा. तुमचं घोडं एवढ्या एका गोष्टीवर अडलंय."

जावई मनाने मोठा होता. बाईंनी खोक्यावरून हात फिरवला, आणि क्षणभर त्यांना मोह झाला, हे खोटं कशाला बोला! पण त्यांनी खोका बाजूला सारला. "आधी माझं पान बघा," म्हणून सकाळी घोटलेलं अख्खं प्रतिज्ञापत्र दाखवायला गेल्या, तर ते कुठेच नव्हतं. सकाळी बंद करताना लॅपटॉपने विचारलं होतं, जतन करायचं का? बाईंनी नाही दाबलं होतं. टाइप केलेलं पान टाइप झालेलं असतं, त्यात आणखी जतन काय करायचं? एकतीस वर्षांत एकही पान त्यांच्या हातून असं हवेत विरलं नव्हतं.

लेक हळूच म्हणाली, "आई, उद्या तिथे सगळ्यांसमोर असं झालं तर? मला नाही बघवणार गं."

"मलापण भीती वाटतेय," बाई म्हणाल्या. "पण म्हणून जाणार नाही असं नाही. तुम्ही दोघं बसा. मी पुन्हा टाइप करते."

आणि त्यांनी पुन्हा केलं. जतन केलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा उघडला आणि पान जागच्या जागी बघितलं. मग आणखी दोनदा तसंच केलं. तिसऱ्यांदा लेकीने काही न बोलता खोका उचलला आणि दाराशी नेऊन ठेवला.

सोमवारी कचेरीत सहा जण होते. पाच जण तिशीच्या आतले, त्यांच्या लॅपटॉपपुढे बाईंचा लॅपटॉप म्हणजे ट्रकच. चाचणीचे छापील उतारे पाचच आले होते. कारकुनाने कपाट उघडलं, मिटलं आणि बाईंकडे वळला.

"बाई, तुम्हाला उतारा कशाला? तुम्ही आपला जागेसाठीचा अर्जच टाइप करा. तीच चाचणी समजू. पंधरा मिनिटं."

बाईंची बोटं बटणांवर गेली आणि तिथेच थांबली. मी, खाली सही करणार. ही ओळ त्यांनी दिवसातून वीस वीसदा टाइप केली होती. त्या मीच्या पुढे भाऊ आले, जावा आल्या, भाडेकरू आले, सवती आल्या. बाई स्वतः कधीच आल्या नव्हत्या. पुढे काय लिहायचं ते त्यांना सुचेना. शेजारच्या पोरांची बटणं वळवाच्या सरीसारखी वाजत होती आणि भिंतीवरचं घड्याळ कोणासाठी थांबणार नव्हतं.

पूर्णविराम, बाईंनी स्वतःलाच बजावलं. कोण? काय हवंय? का?

मग बोटं सुटली. मी, वय चौपन्न, धंदा टंकलेखन, एकतीस वर्षांपासून याच व्हरांड्यात. तिसऱ्या खांबाजवळची जागा माझ्याकडे राहावी.

"कारणाच्या जागी उदरनिर्वाह टाका," कारकून मागून म्हणाला. "सगळे तेच टाकतात. लगेच मंजूर होतं."

बाईंचा हात पुन्हा थांबला. उदरनिर्वाह म्हटलं की काम सोपं होतं. पण समोर माणूस बसला असता आणि त्याने असं सांगितलं असतं, तर त्यांनी विचारलंच असतं, हे खरं का? त्यांनी टाइप केलं:

माझी लेक मला सांभाळायला तयार आहे. या जागेवाचून मी उपाशी राहणार नाही. मला हे काम येतं आणि मला ते करायचं आहे. म्हणून जागा मागते.

पंधराऐवजी अकरा मिनिटं झाली होती. कागद छापून आला. बाईंनी तो उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. मग सही केली.

कारकुनाने कागद हातात घेऊन बघितला. "बाई, असं कारण मी आजवर पाहिलं नाही. यात दयेला जागाच ठेवली नाहीत तुम्ही."

"मागितली कुठेय?"

त्याने शिक्का उचलला आणि कागदावर उमटवला. "उद्यापासून बसा."

"उद्या कशाला?" बाई लॅपटॉप काखेत मारत म्हणाल्या. "बाहेर माणसं खोळंबलीत."