शिलकीची खोली

खजिनदार अहवाल वाचत होते आणि मागच्या बाकावर मावशी जांभई आवरत होत्या. वृद्धाश्रमाच्या वार्षिक सभेत त्या दरवर्षी अशाच बसत. मग ‘धुलाई विभागाची शिल्लक’ असे शब्द कानावर पडले, पाठोपाठ आकडा आला आणि त्यांची झोपच उडाली.

धुलाई विभाग म्हणजे मावशीच. आश्रमातले कपडे धुऊन झाले की त्या हॉटेलांच्या चादरी धूत. ते पैसे इथल्या म्हाताऱ्यांच्या जेवणाखाणात संपतात, अशी त्यांची समजूत होती. ते उरतात आणि बँकेत साठतात, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

त्या उभ्या राहिल्या. सेवेच्या संस्थेला नफा कमावून कसे चालते, असे त्यांनी विचारले. खजिनदारांनी शांतपणे समजावले. संस्थेला चार पैसे मिळवायला आणि राखून ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त ते कुणी वाटून घ्यायचे नाहीत, संस्थेच्याच कामाला लावायचे. इथला एक पैसाही कुणी घरी नेलेला नव्हता.

“माझी आई होती तेव्हाही होते हे पैसे?”

मावशींनी अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी इथे जागा मागितली होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. जागा नाही आणि खोली वाढवायला पैसे नाहीत, असे उत्तर मिळाले होते. आई घरी एकटीच राहिली. एका दुपारी ती खाटेवरून पडली आणि गेली. मावशी तेव्हा हॉटेलच्या चादरी पिळत होत्या.

“होते,” आश्रम चालवणाऱ्या ताई म्हणाल्या. “पण त्या वर्षी अनुदान थांबेल अशी धास्ती होती. शिल्लक मोडली असती आणि अनुदान आलं नसतं, तर सगळ्यांनाच घरी पाठवावं लागलं असतं.”

“मग आलं का?”

“आलं,” ताई म्हणाल्या.

मावशी खाली बसल्या. भांडायला निदान कुणी चोर तरी हवा होता. इथे सगळेच सरळ होते.

त्याच सभेत शिलकीतून नवी खोली बांधायचे ठरले. खोली उभी राहिल्यावर ताईंनी दारावर मावशींच्या आईच्या नावाची पाटी लावायची तयारी दाखवली. मावशींनी नकारार्थी मान हलवली.

“पाटी नको, ताई. त्या पैशात एक गादी येईल. भिंतीकडे अजून एक खाट बसते, ती टाका.”

खाट आली. मावशींनी चादर अंथरली, कोपरे खोचले आणि खाटेच्या काठावर घटकाभर बसून राहिल्या. मग उठल्या आणि चादरीला पडलेली सुरकुती त्यांनी तळहाताने पुसून टाकली.