अळणी डबा

झुलापूल बंद झाला त्या दिवशी मी पुलावरच्या जवानाशी भांडले. भांडून उपयोग नव्हता हे मलाही ठाऊक होतं, पण हाताची घडी घालून गप्प उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. माझं माहेर नदीपलीकडे खलंग्यात, नेपाळात. सासर अलीकडे धारचुल्यात. लग्न ठरलं तेव्हा बा म्हणाला होता, "पोरगी परदेशी दिली, पण तिच्या चुलीचा धूर दिसतो मला." चुलीवर डाळ चढवायची, पूल ओलांडून बाला बघून यायचं, तोवर डाळ शिजलेली असायची. पलीकडचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे चालतं, एवढाच काय तो देश बदलायचा.

आता पुलाच्या तोंडाशी काटेरी तार होती.

"वरून हुकूम आहे, बहिनजी," जवान म्हणाला.

"वरून म्हणजे कुठून? वर तर बर्फ आहे."

तो हसला. पण तार काही हलली नाही.

बाचा दमा जुनाच होता, महामारीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण त्या वर्षी तो उठलाच नाही. काकाचा मुलगा जयराज त्याच्यापाशी असायचा. नेपाळी सिमला आमच्या काठावर चांगली रेंज मिळते, म्हणून मी दिवसभर जयराजला फोन लावून लावून त्याचा जीव खायची. बा एकच विचारत होता, लोके आला का?

लोके म्हणजे लोकेंद्र, माझा धाकटा भाऊ. दिल्लीत एका हॉटेलात तंदूरवर होता. हॉटेल बंद झालं तसा निघाला. थोडं ट्रकमधून, बरंचसं पायी. टनकपूरला ट्रकवाल्याला द्यायला पैसे नव्हते म्हणून फोन विकला. एके दुपारी सुजलेल्या पायांनी तो पुलापाशी पोचला. समोर आमच्या घराचं छप्पर दिसत होतं, आणि तो तारेला हात लावून उभा. पलीकडचे म्हणत, आत्ता कुणालाच आत घेणार नाही. अलीकडचे म्हणत, मग आम्ही ह्यांचं करायचं काय? शेवटी पुलाशी जमलेल्या सगळ्यांना नदीकाठच्या कॉलेजात कोंडलं. चौदा दिवस इथे, मग पूल उघडला तर पलीकडे, तिथे पुन्हा वेगळे दिवस. देवळात सुद्धा एवढ्या प्रदक्षिणा घालाव्या लागत नाहीत.

कॉलेजला लोखंडी फाटक. त्याच्या आत अंगण, आणि अंगणापलीकडे वर्गाच्या खिडक्या. मी रोज दुपारी डबा घेऊन जायची. फाटकावर खडायत नावाचा शिपाई असायचा. तो डबा काठीला अडकवून आत पोचवायचा आणि लोके खिडकीत यायचा.

"दिदी, बाचं काय?"

"खोकतोय. पेज प्यायला."

"खरं सांग."

"तुझ्याशी खोटं बोलून मला काय इनाम मिळणार आहे?"

तो गजांना धरून उभा राहायचा, एकदा ह्या पायावर, एकदा त्या. लहानपणापासून त्याचं असंच. "सांगून ठेवतो," तो म्हणाला, "बाला काही झालं तर मी पुलाची वाट बघणार नाही."

"तोंड आवर. नदीत बर्फाचं पाणी आलंय."

"ह्याच नदीत पोहायला शिकलोय मी."

"हो, आणि दोनदा केसाला धरून बाहेर कुणी काढलं?"

तो हसला नाही. आठवडाभर आधीच तिघांनी उड्या टाकल्या होत्या. दोघे पलीकडे लागले, त्यांना तिथल्या पोलिसांनी ओलेत्या अंगानं धरलं. तिसरा, बजांगचा पोरगा, लागलाच नाही. कॉलेजची मागची भिंत तर नदीलाच टेकलेली. तेव्हापासून डबा घेऊन फाटकाशी पोचले की मी आधी खिडकीत लोकेचं डोकं शोधायची. ते दिसलं की मगच श्वास सोडायची.

पुलाच्या रोज अफवा. आज दुपारी उघडणार. आजारी माणसांच्या नातलगांना सोडणार. एकदा तर मी न्हाता न्हाता ओल्या केसांनीच धावले. पूल खरंच उघडला होता. पलीकडून चार साहेब आले, अलीकडच्या चार साहेबांशी बोलले, चहा प्याले आणि परत गेले. तार पुन्हा लागली. मी तिथे इतके शिव्याशाप दिले की माझ्या नवऱ्यानं, हयातनं, मला हाताला धरून घरी आणलं.

बा गेला तो सकाळी. जयराजचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. "दिदी, बा आपल्याला सोडून गेले," म्हणाला.

आमच्या गच्चीवरून पलीकडचा घाट दिसतो. कॉलेजवरून दिसत नाही, मध्ये नदीचं वळण आहे. हे देवाचे उपकारच म्हणायचे. मी गच्चीवर उभी राहिले. पाच-सहाच माणसं होती, जास्तीला परवानगी नव्हती. जयराजनं अग्नी दिला. आमच्यात बाप गेला की लेक घाटावर जात नाही, पण घरात गळा काढून रडते, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं रडते. मी शालीचा बोळा तोंडात कोंबला. धारचुला केवढंसं. मी रडले असते तर संध्याकाळपर्यंत बातमी फाटकातून आत गेली असती.

"लोकेला सांगायला हवं," हयात म्हणाला.

"नाही."

"कौशिला, मुलगा आहे तो."

"मुलगा आहे म्हणूनच नाही. एका दिवसात दोघं घालवू का मी?"

"लपवणार किती दिवस?"

"पूल उघडेपर्यंत."

जयराजला बजावलं, गल्लीतल्या दोघींना शपथ घातली. कॉलेजात कोंडलेले बाकीचे पार लांबच्या बैतडी-बजांगकडचे होते, त्यांना आमच्या घरचं कळायचं कारण नव्हतं. सगळी भोकं बुजवली असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी डबा भरायला बसले. भात झाला, डाळ झाली. मिठाच्या बरणीत हात घातला आणि हात तिथेच थांबला. आमच्यात बाप गेला की मुलानं तेरा दिवस मिठाला शिवायचं नाही. लग्न झालेल्या लेकीला पाच दिवस. माझं मी पाळणारच होते. पण लोके?

"घाल मीठ," हयात म्हणाला. "त्याला ठाऊक नाही, त्याला पाप लागत नाही."

"त्याला नाही लागणार. पण घालणारा हात माझा आहे."

"तो आचारी आहे. पहिल्या घासाला ओळखेल."

"विसरले म्हणेन."

मी मीठ विसरते ह्यावर खलंग्यातलं कुत्रंही विश्वास ठेवणार नाही. बा म्हणायचा, कौशिलाच्या हातचं खाल्लं की पाणी प्यायला नदीवरच जायला लागतं, तांब्या पुरत नाही. तरी मी डबा तसाच झाकला. आपल्या बापाच्या सुतकात आपल्याच भावाला मीठ चारायचं, हे माझ्या हातून झालं नाही.

फाटकाशी मी एखाद्या चोरासारखी उभी राहिले. लोके बऱ्याच वेळानं खिडकीत आला.

"जेवलास?"

"जेवलो."

"बरं होतं ना?"

"बरं होतं." मग म्हणाला, "बा कसा आहे?"

"झोपलाय," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मिठाचा एक शब्द नाही. माझा जीव भांड्यात पडला. पुढचा दिवस तसाच गेला, त्याच्या पुढचाही. आता तो माकडटोपी घालून खिडकीत यायचा, एवढ्या उन्हात. बोलायचा कमी. पाय नाचवायचा नाही. बाचं विचारायचाही थांबला.

आणि मग मला वेगळीच भीती धरली. लहानपणी डाळीत मीठ एक चिमूट कमी पडलं तर ताट सरकवणारा हा मुलगा. हा तीन दिवस अळणी जेवतोय आणि ह्याला कळत नाही? ह्या रोगात जिभेची चव जाते असं तेव्हा सगळेच बोलत होते. मी खडायतला बाजूला घेतलं.

"माझ्या भावाला ताप वगैरे नाही ना, साहेब?"

"ताप? रोज बघतात, काही नाही. अहो, तुमचा भाऊ म्हणजे हिरा आहे. बाकीचे पत्ते कुटतात, एकमेकांच्या बिड्या ओढतात. हा एकटा कोपऱ्यात बसतो. कुणाला शिवत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही. परवा डॉक्टरसाहेब आले तर मी ह्यालाच दाखवलं. म्हटलं, नियम पाळावे तर असे. फक्त नखरे आहेत हो, सरकारी जेवणाला हात लावत नाही. एकदाच जेवतो, तेही बहिणीच्याच हातचं."

मला बरं वाटलं. अभिमानसुद्धा वाटला, खोटं कशाला बोलू. पण चवीची शंका मनातून जाईना. ती खडायतला बोलून दाखवली असती तर लोकेला उचलून पिथोरागढच्या इस्पितळात नेलं असतं, आणि मग कुठला पूल नि कुठलं घर.

माझे पाच दिवस झाले. मी न्हाले, हयातनं माझ्या तोंडात मिठाचा खडा घातला. त्या दिवशी मी ठरवलं, आता परीक्षाच घ्यायची. काळ्या भटाची, म्हणजे आमच्या पहाडी सोयाबीनची, दाट आमटी केली, त्याची सगळ्यात आवडती, आणि हात जोडून बाची माफी मागून तिच्यात मीठ घातलं. नेहमीसारखं, म्हणजे जास्तच. ओळखलं तर जीभ शाबूत. नाही ओळखलं तर डॉक्टरला सांगायचं, मग काय व्हायचं ते होवो.

खडायतनं डबा आत नेला. मी फाटकाशी फेऱ्या घालत राहिले. तो लवकरच बाहेर आला, काठीला तोच डबा. उचलला तर जड. उघडला. भात जसाच्या तसा, आमटी काठोकाठ.

"हे काय? जेवला नाही?"

"वेडा आहे तुमचा भाऊ," खडायत म्हणाला. "एवढे दिवस तुमचं अळणी गिळत होता. मला वाटायचं, बहीण विसरभोळी दिसते. दुसऱ्या डब्यापासून जेवायच्या आधी रोज चमचाभर माझ्या तळहातावर घालायचा. म्हणायचा, साहेब, बघा, मीठ आहे का? मी म्हणायचो, नाही रे बाबा, आजही नाही. मग जेवायचा. आज मी चाखलं आणि म्हटलं, लेका, आज मजा आहे तुझी, झकास मीठ पडलंय! तर डबा झाकून परत केला. म्हणे, आज भूक नाही."

मी फाटकाचे गज धरले.

लोके खिडकीत आला नाही, अंगणात आला. खडायत ओरडला, "दूर! दूर!" तो दूरच थांबला. रोगाचे आणि सुतकाचे, दोन्ही नियम त्याला तिथेच उभं करत होते. अंगावर पांढरं धोतर होतं, चादर फाडून केलेलं. त्यानं टोपी काढली. डोकं तुळतुळीत होतं.

"कुणी केलं?" मी विचारलं.

"बैतडीचा एक न्हावी आहे आत."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच घासाला. तू आणि मीठ विसरणार, दिदी?"

"मग बोलला का नाहीस?"

"तूही बोलली नाहीस." तो जमिनीकडे बघत होता. "अग्नी जयराजनं दिला ना?"

"हो."

"नीट जळालं सगळं?"

"नीट जळालं. मी गच्चीवर होते. शेवटपर्यंत होते."

त्यानं मान हलवली. नदीचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. मला राहवलं नाही. "तू म्हणाला होतास वाट बघणार नाही म्हणून. का गेला नाहीस, लोके?"

"गेलो होतो भिंतीवर," तो म्हणाला. "पहिल्या अळणी डब्यानंतर लगेच. चढून बसलो. मग तुझा विचार आला. आमा आधीच गेली, आता बा गेला. मी पण पाण्यात गेलो असतो तर तुझं माहेर कोण?"

मी त्या फाटकाशी, भर रस्त्यात, खाली बसले आणि बाचं नाव घेऊन गळा काढला. सहा दिवसांचं सगळं बाहेर आलं. दुकानांच्या फळ्या उघडल्या, माणसं दारात आली. खडायत गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. भाऊ तिकडे उभा होता, त्याचे खांदे हलत होते, आणि मला त्याच्या त्या उघड्या डोक्यावरून हात फिरवता येत नव्हता.

मग मी डोळे पुसले, डबा उचलला.

"साहेब, जाऊ नका. दुसरा डबा घेऊन येते."

"आणा, आणा," खडायत घाईनं म्हणाला. काय झालंय ते त्याला अजून पुरतं उमगलं नव्हतं, पण मला कसं का होईना हसवायची त्याची धडपड चालली होती. "पण बहिनजी, आठवणीनं मीठ विसरा बरं!"

"विसरते," मी म्हटलं, आणि घराकडे चालू लागले.