घड्याळाचा अभ्यास

कारखान्यात त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसतं भिंग. पस्तीस वर्षं त्यांनी तयार होऊन आलेले सुटे भाग तपासले आणि त्यातले बरेचसे नापास केले. केसाएवढा ओरखडा असो की केसाच्या निम्म्याएवढा फुगवटा, त्यांच्या नजरेतून सुटला असं कधी झालं नाही. कामगार म्हणायचे, याच्यापुढे साक्षात देव आणून उभा केला तरी हा आधी त्याच्या कडा तपासेल.

असा माणूस बायकोसाठी घड्याळ घ्यायला निघाल्यावर काय होणार, हे वेगळं सांगायला नको. चार वर्षं झाली, घड्याळ काही घरी आलं नव्हतं.

बायको नर्स होती. दवाखान्यात सिस्टर, गल्लीत सिस्टर, आणि लेकीच्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा त्यांचीही सिस्टरच. चार वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता, आणि त्याच आठवड्यात तिचं जुनं मनगटी घड्याळ कायमचं बंद पडलं. भिंगसाहेबांना ही फार चांगली संधी वाटली.

"मी घेऊन देतो तुला घड्याळ," ते म्हणाले. "असं की जन्मभर दुसरं घ्यायला नको."

"अहो, साधंच घ्या. सेकंदाचा काटा तेवढा असू द्या म्हणजे झालं. नाडी मोजायला लागतो."

‘साधंच’ हा शब्द भिंगसाहेबांनी ऐकला आणि त्यांना तो मुळीच आवडला नाही. त्यापुढचं त्यांच्या कानावर पडलं की नाही, कोण जाणे. पुढच्या रविवारी ते सिस्टरला घेऊन बाहेर पडले आणि अभ्यास सुरू झाला. हा त्यांचाच शब्द. लेक दुसऱ्या गावाहून फोन करायची, "बाबा, आईचं घड्याळ?" आणि हे गंभीरपणे सांगायचे, "अभ्यास चालू आहे."

अभ्यासाचं घोडं अडलं होतं ते एकाच प्रश्नावर. घड्याळ नवं घ्यायचं की वापरलेलं?

नव्याच्या दुकानात गारवा होता, पांढरे हातमोजे घातलेला विक्रेता होता, हमीपत्र होतं, मखमलीची पेटी होती. भिंगसाहेब घड्याळ डोळ्याजवळ नेत, आत कुठलं यंत्र आहे ते विचारत, आणि मग नाक मुरडत. दहा घड्याळांच्या पोटात एकच यंत्र, वरचे चेहरे तेवढे वेगळे. शिवाय दुकानाचा उंबरा ओलांडला की त्याची निम्मी किंमत गेलीच. बाहेर आल्यावर ते म्हणायचे, "नव्यात जीव नाही."

मग गल्लीच्या टोकाला असलेल्या जुन्या घड्याळांच्या दुकानात जायचं. तिथला म्हातारा दुकानदार बोलायला मोठा गोड. त्याच्याकडची घड्याळं जुनी नसायची, ‘प्री-ओन्ड’ असायची.

"म्हणजे कुणीतरी वापरलेलीच ना?" सिस्टरनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तसं म्हणत नाहीत ताई," दुकानदार कसनुसं हसला होता.

जुनी घड्याळं बघताना भिंगसाहेबांची कळी खुलायची. खिशातून स्वतःचं भिंग काढून ते डोळ्याला लावत. ही तबकडी नंतर रंगवलेली आहे. हा काटा मूळचा नाही. याच्या आत कधीतरी पाणी शिरलंय, हा बघा डाग. दुकानदारही कौतुकानं मान डोलवायचा, कारण त्यातलं निम्मं त्यालाच माहीत नसायचं. प्रत्येक घड्याळ सिस्टरच्या हाताला लावून बघणं व्हायचंच. "हात इकडे कर," म्हणत ते तिचं मनगट धरायचे, कारखान्यात एखादा नग पकडीत आवळावा तसं घट्ट, आणि उजेडाकडे वळवायचे. बघून झालं की सोडायचे. "जुन्याचा भरवसा नाही," असं म्हणत दोघं बाहेर पडायची, कोपऱ्यावर चहा प्यायची आणि चालत घरी यायची. वाटेत भिंगसाहेबांचं तोंड मिटत नसे. एरवी आठवडाभर त्यांचं बोलणं म्हणजे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पंखा लाव’.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. भिंगसाहेब स्वतः निवृत्त झाले आणि अभ्यासाला आणखी वेळ मिळू लागला. एका वहीत त्यांनी त्रेचाळीस घड्याळांची नोंद केली होती. सिस्टर प्रत्येक रविवारी न कंटाळता तयार व्हायची, हात पुढे करायची, आणि "बघा तुम्ही, तुम्हाला कळतं त्यातलं," म्हणायची.

आता मात्र घाई होती. महिनाअखेरीला सिस्टर निवृत्त होणार होती, आणि भिंगसाहेबांनी मनाशी ठरवलं होतं की शेवटच्या दिवशी वॉर्डात जायचं आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात घड्याळ बांधायचं. चार वर्षांचा शब्द निदान त्या दिवशी तरी पुरा करायचा. त्या एका विचारानं त्यांना बळ दिलं, आणि एका मंगळवारी एकटेच जाऊन त्यांनी निर्णय घेतला. वापरलेलंच घ्यायचं. चावीचं, एकाच मालकिणीनं वापरलेलं, तबकडी मूळची, काटे मूळचे. भिंगातून अर्धा तास पाहूनही त्यात खोट निघाली नाही. दुकानदारानं सुटकेचा निःश्वास टाकला तो बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल.

"बाजूला काढून ठेवतो साहेब. पट्ट्याच्या कड्या कमी कराव्या लागतील. ताईंच्या मनगटाचं माप तेवढं आणून द्या."

भिंगसाहेबांनी खिशातली वही काढली आणि परत ठेवली. त्रेचाळीस घड्याळांचे व्यास त्यांना तोंडपाठ होते. बायकोच्या मनगटाचं माप त्यांना माहीत नव्हतं.

त्या गुरुवारी सिस्टरनं रजा घेतली होती. दुपारी जेवण झाल्यावर ती खिडकीजवळच्या पलंगावर आडवी झाली आणि तिला लगेच डोळा लागला. भिंगसाहेब हातात दोरा घेऊन पावलांचा आवाज न करता आले आणि पलंगाशी खाली बसले. तिचा डावा हात उशीजवळ पडला होता. त्यांनी बांगडी हळूच वर सारली.

मनगटावर एक फिकट पट्टा होता.

 पहिल्यांदा मनात आलं ते दुखण्याचंच. अंगावर असे पांढरे डाग उमटतात, त्यातलं तर काही नसेल? त्यांनी चष्मा नीट केला आणि वाकून पाहिलं. डागाला अशा सरळ कडा नसतात. पट्टा दोन्ही बाजूंनी एकसारखा होता, आतल्या बाजूला बक्कल रुतून पडलेली छोटी खूण होती, आणि वरच्या बाजूला रुपयाएवढा गोल. वरखालची कातडी उन्हानं रापलेली. भिंगसाहेबांना अशा गोष्टी वाचता येत. ही खूण चार-सहा महिन्यांची नव्हती. रोज उन्हात जाऊन वर्षानुवर्षं पडलेली होती.

दोरा हातातच राहिला. आपण याच मनगटावर घड्याळामागून घड्याळ लावून पाहिलं, हे त्यांना आठवलं. दर रविवारी, भर उजेडात, डोळ्याला भिंग लावून. प्रत्येक घड्याळाखाली हा पट्टा होताच.

"काय मोजताय?" सिस्टरनं डोळे उघडले होते.

त्यांनी नुसतं मनगटाकडे बोट दाखवलं. सिस्टरनं पाहिलं, हात ओढून घेतला, मग काही उपयोग नाही हे कळून पुन्हा पुढेही केला. ती उठली, खुंटीवरची पर्स घेऊन आली, आणि आतल्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ काढून तिनं त्यांच्या तळहातावर ठेवलं. साधं घड्याळ. काच चरे पडून धुरकट झालेली, कातडी पट्ट्याची भोकं रुंदावलेली. सेकंदाचा काटा लाल रंगाचा होता आणि टकाटक पळत होता.

सवयीनं भिंगसाहेबांनी ते उलटं करून मागची बाजू पाहिली. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"कधीपासून?"

"झाली तीन वर्षं. आमच्या मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या ना, त्यांनी जायच्या आधी हातातलं काढून दिलं."

"आणि घरी?"

"जिन्याखाली काढून पर्समध्ये टाकायची. सकाळी जिना उतरल्यावर घालायची."

"तीन वर्षं? अगं, सांगायचंस ना मला!"

"काय सांगू?" सिस्टर पलंगाच्या कडेवर बसली. "सांगितलं असतं तर तुम्ही अभ्यास बंद केला असतात. मग रविवारी आपण कशाला बाहेर पडलो असतो? तुम्ही कशाला माझ्याशी बोलला असतात इतकं?"

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं, भिंगसाहेबांना वाटलं. रागाला उत्तर देता येतं. ती तर केस नीट करता करता, भाजी काय करायची विचारावं तशी बोलत होती.

त्यांनी मग सगळं सांगून टाकलं. ठरवलेलं घड्याळ, शेवटच्या दिवसाचा बेत, कड्या, दोरा. सिस्टर ऐकत राहिली, एकदा हसलीसुद्धा.

"नको हो," ती शेवटी म्हणाली. "सोळा दिवस उरले माझे. सतरावा दिवस उजाडला की कुणाची नाडी मोजणार आहे मी? तुमची?"

रविवारी दोघं निघाली, पण या वेळी दुकानदाराला ‘नको’ म्हणून सांगायला. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. घड्याळ त्यानं काचेच्या पेटीत पुन्हा मांडलं, आणि तेवढ्यात एक तरुण मुलगी आत आली. तिनं पेटीत नजर टाकली, "ते दाखवा" म्हणाली, हाताला लावलं, मनगट एकदा इकडून तिकडे फिरवलं. "छान आहे. हेच देऊन टाका."

"हे प्री-ओन्ड आहे हं," दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं.

"मग काय झालं? चालतंय ना?"

पाच मिनिटांत घड्याळ गेलं. भिंगसाहेब तोंड उघडं टाकून दाराकडे बघत राहिले. सिस्टरनं त्यांच्या बाहीला धरून त्यांना बाहेर काढलं.

कोपऱ्यावर त्यांनी चहा घेतला आणि दोघं घराच्या वाटेला लागली. आता बोलायचं काय? भिंगसाहेबांनी दोनदा घसा साफ केला. तबकड्या, काटे, यंत्रं सोडून या बाईशी आपण चार वर्षांत काय बोललो, हे आठवून पाहिलं तर काही हाती लागेना. पूल आला.

"मग पहिलं वर्षभर," ते एकदम म्हणाले, "घड्याळ नव्हतं तेव्हा तू काय करायचीस?"

सिस्टरनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. दवाखान्यातलं त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं.

"करायचं काय? भिंतीवरच्या घड्याळावर मोजायची. कधी कुणाचं मागून घ्यायची. एकदा मात्र फार वाईट झालं." ती सांगू लागली. "एक आजोबा होते, खाटेवर. भिंतीवरचं घड्याळ मधेच अडकत होतं, आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. मी भलताच आकडा लिहून मोकळी झाले. मोठ्या सिस्टरनी पुन्हा मोजलं म्हणून निभावलं, नाहीतर त्यांना चुकीचं औषध गेलं असतं. डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर ओरडले. इतकी वर्षं झाली नोकरीला, आणि घड्याळ नाही हाताला, म्हणाले. मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. सोमवारी मोठ्या सिस्टरनी हातातलं काढून दिलं. त्या जाणारच होत्या महिन्याभरात."

"मला नाही सांगितलंस."

"सांगणार होते. शनिवारी झालं ते. रविवारी बाहेर पडलो की सांगू, असं ठरवलं होतं. पण तुम्ही त्या दिवशी भलतेच खुशीत होतात. नव्या आणि जुन्या घड्याळांतला फरक मला पहिल्यापासून समजावून सांगत होतात. मग म्हटलं, जाऊ दे."

भिंगसाहेबांना तो रविवार लख्ख आठवला. अभ्यासातला सगळ्यात छान रविवार म्हणून त्यांनी तो मनात जपून ठेवला होता. म्हाताऱ्यानं त्या दिवशी ठेवणीतली सहा घड्याळं बाहेर काढली होती. सिस्टर काचेच्या पेटीपुढे खाली मान घालून उभी होती, हात पुढे केलेला, डोळे सुजलेले. आणि त्यांनी तिच्या मनगटावरून नजर न हलवता दुकानदाराला सांगितलं होतं, "हिला तबकडी आवडलेली दिसत नाही. दुसरं दाखवा."